मालदीव, व्हाया फेरीबोट

परळच्या ऑफिसातला लंच अवर. कुणीतरी हनिमूनचे फोटो दाखवतंय. निळंशार पाणी, त्यावर लाकडी खोली, खोलीतून थेट समुद्रात उतरणारा जिना. सगळे 'सही!' म्हणतात आणि मनातल्या मनात पगाराला भागाकार करतात. पाण्यावरच्या त्या व्हिलाचं एका रात्रीचं भाडं पाचशे डॉलरवर सहज जातं. डबा बंद, विषय बंद.

थांबा बॉस! मालदीवचा समुद्र बघायला व्हिला लागतोच, असं कुणी सांगितलं?

एके काळी लागायचा, हे खरं. 1972 मध्ये कुरुंबा हे तिथलं पहिलं रिसॉर्ट सुरू झालं. पुढे सरकारी धोरणच असं ठरलं, की पाहुण्यांनी रिसॉर्टच्या बेटावर राहायचं आणि गावकऱ्यांनी आपापल्या बेटावर. 2009 मध्ये हे बदललं. लोकवस्तीच्या बेटांवर गेस्ट हाऊस काढायला परवानगी मिळाली. आपल्या कोकणातल्या 'निवास-न्याहारी'चाच प्रकार म्हणा ना! दोघांची एसी खोली, न्याहारीसकट, पन्नास-साठ डॉलरच्या आसपास मिळते. समुद्र तोच, मासे तेच.

सगळ्यात गजबजलेलं बेट म्हणजे माफुशी. (तिथं देशाचा तुरुंगही आहे. घाबरू नका, तो वेगळ्या टोकाला आहे.) मुंबईहून मालेला थेट विमानानं जेमतेम तीन तास. दादरहून सावंतवाडीला रात्रभर जाते, तिथं हे काहीच नाही. व्हिसा विमानतळावर फुकट. फक्त निघण्याआधीच्या 96 तासांत 'इमुगा' हा ऑनलाइन फॉर्म भरायचा. तोही फुकट असतो, त्यामुळे पैसे मागणाऱ्या वेबसाइटला टाटा करा.

खरा फंडा पुढे आहे. माले ते माफुशी स्पीडबोटीला पंचवीसेक डॉलर मोजावे लागतात. सरकारी फेरी साधारण दोन डॉलरमध्ये नेते. दीड तास लागतो. शेजारी तांदळाची पोती, गॅस सिलिंडर, शाळेची पोरं. रेवसच्या लाँचची आठवण येईल, फक्त पाण्याचा रंग बघून चक्रावाल.

सकाळी न्याहारीला 'मास हुनी' मागा. कुपा मासा, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, सगळं हातानं कालवलेलं आणि सोबत 'रोशी' नावाची पोळी. गिरगावातल्या खानावळीत वाढलेल्या माणसाला हे परदेशी जेवण वाटणारच नाही. शाकाहारी मंडळींनी मात्र खाकऱ्याचं पाकीट जवळ ठेवावं.

आता कटू भाग. गावच्या बेटावर दारू नाही, म्हणजे नाहीच. ड्यूटी फ्रीची बाटली विमानतळावर जमा होते, जाताना पावती दाखवून परत मिळते. बिकिनी फक्त ठरावीक 'बिकिनी बीच'वर चालते, गावात अंगभर कपडे. सुट्टीत कुणी नियम शिकवलेले ज्यांना खपत नाहीत, त्यांनी पैसे साठवून रिसॉर्टच गाठावं. आम्हाला विचाराल तर, लोकांच्या दारात राहायचं तर त्यांच्या रीतीनं, यात गैर काय?

बजेट मांडताना करही धरा. 2025 पासून छोट्या गेस्ट हाऊसमध्ये माणशी रोज सहा डॉलर ग्रीन टॅक्स आहे. खोलीच्या बिलावर जीएसटी आणि सर्व्हिस चार्ज वेगळा. बुकिंगचा आकडा 'सगळं धरून' आहे का, ते आधीच विचारा.

हिंदमाताला पाणी तुंबतं त्या महिन्यांत तिथंही पाऊस असतो. भाव उतरतात, पण समुद्र खवळला की फेरी रद्द होते. डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ, महागही. मध्ये कुठंतरी आपापला जुगार खेळायचा.

आणि हो, या देशातली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा जेमतेम अडीच मीटरची. लालबागच्या चाळीतला पहिला मजलासुद्धा याहून वर असतो! समुद्र चढतोय ही बातमी तिथं बंदरावर उभं राहून वाचली, की वेगळीच वाटते.

परतीचं विमान शक्यतो शुक्रवारचं घेऊ नका. त्या दिवशी सरकारी फेरी सहसा बंद असते. मग वाचवलेले सगळे डॉलर स्पीडबोटवाल्याच्या खिशात!