गाव उठले, चर्च मागे राहिले

आपल्या शिवारात नांगरताना कुठे कुठे पांढरीची माती लागते, खापऱ्या वर येतात. म्हातारी माणसे सांगतात, इथे पूर्वी गाव होते. महसुली दप्तरात अशा गावांपुढे ‘बेचिराख’ असा शेरा असतो. वाचकहो, अशी गावे आपल्याच मुलखात असतात असे समजू नका. इंग्लंडात ती सुमारे ३,००० मोजली गेली आहेत. त्यांतल्या एकाची ही हकिकत. गावाचे नाव वॉरम पर्सी.

हे ठिकाण उत्तरेकडे, यॉर्कशायरच्या चुनखडीच्या टेकड्यांत आहे. खोलगट जागी एक बिनछपराचे चर्च, भोवती थडग्यांचे थोडे दगड, शेजारी तळे. वरच्या माळावर नुसते गवत. पण उन्हे कलली की त्या गवतात घरांची जोती, वाटा आणि परसांचे बांध उठून दिसतात.

चर्चच्या भिंती नीट पाहिल्या तर गावाची जमाखर्चाची वहीच वाचता येते. आधी इथे लाकडी चर्च होते, मग दगडी झाले. बाराव्या-तेराव्या शतकांत गाव भरले, तेव्हा दोन्ही अंगांना पडव्या काढून ते वाढवावे लागले. पुढे माणसे घटली, तशा पडव्या पाडल्या आणि मधल्या कमानी दगडांनी बुजवून टाकल्या. त्या बुजवलेल्या कमानी आजही भिंतीत दिसतात. घरात लग्ने झाली की खण वाढवायचा आणि पोरे शहराला गेली की एक खोली कुलूप लावून ठेवायची, हे आपण करतो त्यातलाच हा प्रकार.

गाव प्लेगने बसले असे पुष्कळांना वाटे. १३४९ च्या साथीत माणसे मेली हे खरे, पण त्यानंतरही शतकभराहून अधिक काळ गाव नांदत होते. ते उठवले लोकरीने. लोकरीला भाव होता. धान्य पिकवायचे तर नांगर, जनावरे, राबणारे हात लागतात. मेंढरांमागे एक मेंढका आणि एक कुत्रे पुरते. जमिनीचा धनी बॅरन हिल्टन याने तो हिशेब केला. १५१७ च्या सरकारी चौकशीत नोंद आहे ती एवढीच : चार नांगर बंद पडले, चार घरे मोडली. चार नांगर बंद पडणे म्हणजे काय, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको.

गाव गेले तरी चर्च राहिले, कारण ते एकट्या त्या गावाचे नव्हते. आसपासच्या वस्त्यांचेही तेच चर्च. थिक्सेनडेलची माणसे टेकड्या ओलांडून मैलोन्‌मैल चालत इथे येत. बारशाला, लग्नाला आणि मयत घेऊनही. शेवटी १८७० मध्ये थिक्सेनडेलला स्वतःचे चर्च झाले आणि ही वाट मोडली. पुढे छपरावरचे शिशाचे पत्रे चोरीला गेले. पाऊस एकदा भिंतीच्या डोक्यावरून आत शिरला की काय होते ते मातीच्या घरात राहिलेल्यांना ठाऊक आहे. दगडाचेही तेच होते. १९५९ मध्ये मनोरा अर्धा कोसळला.

त्याआधीच, १९५० पासून, मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट या दोन अभ्यासकांनी इथे उत्खनन मांडले होते. दर उन्हाळ्यात लोक जमवून त्यांनी ते १९९० पर्यंत चालवले. चाळीस वर्षे एका उजाड गावासाठी! राजेरजवाड्यांच्या किल्ल्यांमागे सगळेच धावतात; कुळवाड्याच्या परसात इतकी वर्षे बसणारे विरळा.

चर्च आणि दफनभूमीतल्या ६८७ सांगाड्यांचा अभ्यास झाला. आया मुलांना दीडेक वर्ष अंगावर पाजत, हे हाडांवरून कळले. तोवर बाळे आजच्या बाळांसारखीच वाढत. दूध तुटले की मागे पडत; चौदा वर्षांच्या मुलाची उंची आजच्या दहा वर्षांच्या मुलाएवढी. आपल्या अंगणवाडीतल्या बाई वजनकाट्याशी हेच तर समजावत असतात. एका माणसाच्या कवटीला जबर मार बसला होता. कुणीतरी तिथले हाड काढून त्याच्यावर उपचार केले आणि जखम भरून आली. तो वाचला, आणि तो साधा खेडूत होता.

भुताखेतांचे भयही तिथे होते. दफनभूमीबाहेर, वस्तीच्या जागी, १३७ मानवी हाडे सुऱ्यांच्या खुणांसह आणि भाजलेली सापडली. मेलेला उठून गावात फिरू नये म्हणून हे केले असावे, असे अभ्यासकांनी २०१७ मध्ये मांडले.

आता ही जागा इंग्लिश हेरिटेज ही संस्था सांभाळते. मनोऱ्याचा उरलेला भाग तसाच उभा आहे. छप्पर पुन्हा घातलेले नाही, कमानी मोकळ्या केलेल्या नाहीत. जायचे तर गाडी वर ठेवून पायवाटेने उतरावे लागते. माळावर गुरे चरतात. चर्चशेजारचे तळे मात्र पुन्हा भरून घेतले आहे.