तापाला सुट्टी मिळते, मग मनाच्या दुखण्याला का नाही? कामगार आणि मालक दोघांनीही वाचावं

एमआयडीसीत रात्रपाळी करणारा, पतसंस्थेच्या वसुलीला जाणारा, दुधाच्या गाडीवरचा, पेट्रोल पंपावरचा. आपल्या तालुक्यातल्या बऱ्याच घरांतून कोणी ना कोणी असं कामाला जातं. ताप आला तर हा माणूस सरळ फोन करतो, "साहेब, अंगात ताप आहे, आज येत नाही." पण महिनाभर नीट झोप नाही, कशातच मन लागत नाही, कामावर जायचं म्हटलं की छातीत धडधडतं, हे तो कुणालाच सांगत नाही. सांगितलं तर लोक "डोक्यावर परिणाम झालाय" म्हणतील आणि हातचं काम जाईल, ही भीती. मग "पोट बिघडलंय" असं खोटं सांगून सुट्टी काढावी लागते.

या लपवाछपवीत दुखणं वाढत जातं आणि मालकाचंही नुकसान होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंता या दोन आजारांमुळे जगभरात दरवर्षी कामाचे सुमारे १,२०० कोटी दिवस वाया जातात.

टेन्शन कुठलं आणि आजार कुठला?

टेन्शन सगळ्यांनाच येतं. हंगामात काम वाढलं, हप्ता थकला, साहेब ओरडले, की दोन दिवस मन खट्टू होतं आणि परत ताळ्यावर येतं. हा आजार नाही. पण दोन आठवडे उलटले तरी उदास वाटतंय, झोप आणि भूक बिघडली आहे, आधी आवडायच्या गोष्टी नकोशा झाल्या आहेत, तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

कामाच्या ठिकाणी हे वेगळ्या रूपात दिसतं. वेळेवर येणारा माणूस उशिरा येऊ लागतो. हिशोबात, मशीनवर चुका होऊ लागतात. गप्पा मारणारा डबा एकटाच खातो. साध्या बोलण्यावर चिडतो. दारू वाढते. डोकं, पाठ, पोट सारखं दुखतं, पण तपासण्यांत काही सापडत नाही. आपण त्याला आळशी किंवा माजलेला म्हणून मोकळे होतो. खरं तर तो आजारी असू शकतो.

आठवड्या-आठवड्याला पाळी बदलणाऱ्यांनी जास्त जपावं. शरीराचं घड्याळ रात्री झोपायला सांगतं आणि आपण त्याला जागं ठेवतो. झोप सतत मोडली की मनाचा तोल जायला वेळ लागत नाही.

मालकाने, सुपरवायझरने काय करावं?

यासाठी पैसे लागत नाहीत. माणसाला बाजूला घेऊन विचारा, "काही दिवसांपासून तुम्ही गप्प दिसताय, सगळं ठीक आहे ना?" एवढं विचारून ऐकून घ्या. चारचौघांत विचारू नका. "सगळ्यांनाच टेन्शन असतं, एवढं काय त्यात" हे वाक्य तर बोलूच नका, कारण त्यानंतर तो परत तोंड उघडत नाही.

जमेल तेवढी सोय करा. काही आठवडे रात्रपाळी बंद ठेवा, उंचावरचं किंवा धोक्याच्या मशीनवरचं काम दुसऱ्याला द्या, दवाखान्याच्या तारखेला अर्धा दिवस सोडा. आणि त्याने सांगितलेलं तुमच्यापाशीच राहू द्या. एकदा गोष्ट फुटली की पुढचा कोणी सांगायला येणार नाही.

आणि स्वतःलाही एक प्रश्न विचारा. माणूस खचतोय तो कामामुळेच तर नाही ना? सुट्टीच्या दिवशीही वसुलीचे फोन, सगळ्यांसमोर शिव्या, पगाराची तारीख नक्की नाही, दोघांचं काम एकावर. हे असंच चालू ठेवलं तर गोळ्या-औषधं किती पुरणार?

बोलता बोलता कोणी "आता जगून काय उपयोग" म्हणाला तर ते हसण्यावारी नेऊ नका. "जीव द्यायचा विचार येतोय का?" असं स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा आणि दवाखान्यात न्या.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा आहे. सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा या कायद्याने प्रत्येकाचा हक्क आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन दवाखान्यावर आहे. आरोग्य विम्यात शारीरिक आजारांप्रमाणेच मनाच्या आजारांनाही संरक्षण द्यावं, असं विमा कंपन्यांना सांगितलेलं आहे.

पगारातून ईएसआयसीची वर्गणी कापली जाते का, ते पावतीवर बघा. ही योजना साधारणपणे दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना लागू होते. वर्गणीची अट पूर्ण असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. काही गंभीर मानसिक आजार तर लांबलेल्या आजारपणाच्या यादीत आहेत. त्यात अटी पूर्ण करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत ८० टक्के रक्कम मिळू शकते. त्यासाठी ईएसआयसीच्या डॉक्टरांचा दाखला लागतो, म्हणून आजार लपवून घरी बसण्यापेक्षा दवाखान्यात नोंद झालेली बरी.

जायचं कुठे?

मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की आपल्याकडे "आता येरवड्याला पाठवा" अशी चेष्टा होते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची मनोरुग्णालयं आहेत हे खरं. पण नैराश्य किंवा चिंता असलेल्या बहुतेकांना भरती व्हावंच लागत नाही. तपासणी, समुपदेशन, गरज असेल तर गोळ्या, आणि माणूस घरी राहून कामावरही जातो. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. त्यामुळे चार दिवसांत फरक नाही म्हणून किंवा बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे १४४१६ हा नंबर. केंद्र सरकारची ही टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फोन फुकट लागतो, दिवस-रात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर आणि समुपदेशक असतात. त्यांचं पथक ग्रामीण रुग्णालयात कोणत्या दिवशी येतं, ते तिथल्या केस पेपरच्या खिडकीवर किंवा आशाताईंना विचारा.

१४४१६ आजच मोबाइलमध्ये सेव्ह करा. कारखान्याच्या गेटवर, पतसंस्थेच्या फलकावर हाजेरीच्या वहीशेजारी हा नंबर लिहून ठेवा. ज्याला गरज आहे तो विचारायला येणार नाही, पण जाता-येता नंबर वाचेल.