उन्हाळी नव्हे, वर्दी

बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, वैशाखात लघवीला जळजळ झाली की 'उन्हाळी लागली' म्हणून धने-जिऱ्याचे पाणी पिण्याचा प्रघात जुना आहे व बहुधा तो हितकरही ठरतो. परंतु वेदना मुळीच नसता लघवीतून रक्त जावे आणि दोन दिवसांत ते आपोआप थांबावे, अशा वेळी त्याच समजुतीने स्वस्थ राहणे घातक होय, कारण मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली वर्दी पुष्कळदा अशीच येते. विडीच्या धुरातील विषारी द्रव्ये मूत्रपिंडातून गाळली जाऊन मूत्राशयात तासन्‌तास साचतात, म्हणून विडी ओढणाऱ्या प्रौढाने तर ती अधिकच गांभीर्याने घ्यावी.

या वर्दीचा तपास करणारी मूत्रपेशी-परीक्षा दिसावयास साधी आहे. मूत्रमार्गाच्या अस्तरातून पेशी नित्य गळत असतात. लघवी यंत्रात वेगाने फिरवून तळाशी बसलेला साका काचपट्टीवर पसरावयाचा, रंगवावयाचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळावयाचा. १९४५ साली पापानिकोलाउ व मार्शल या अमेरिकेतील वैद्यकांनी या परीक्षेची उपयुक्तता प्रसिद्ध केली, आणि पापानिकोलाउंचीच रंजनपद्धती आजही प्रचारात आहे. निरोगी पेशीचे केंद्रक लहान व रेखीव असते. उग्र कर्करोगात तेच फुगून पेशीचा बहुतेक भाग व्यापते, काळवंडते, त्याची कड वेडीवाकडी होते.

अशा पेशी दिसल्या तर निदान बहुधा खरेच ठरते; परंतु सौम्य गाठीच्या पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसत असल्याने परीक्षेचा नकार हा निर्दोषत्वाचा दाखला मानता येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी एनएमपी-२२ या प्रथिनाची, तसेच ३, ७, १७ व ९ या गुणसूत्रांतील बिघाड चकाकत्या रंगांनी दाखविणारी, अशा चाचण्या निघाल्या. मात्र मूतखडा वा जंतुसंसर्ग असला तरी ते प्रथिन वाढते, त्यामुळे दुर्बिणीची तपासणी अद्याप टळलेली नाही.

आणि खरी अडचण तेथेच आहे. गाठ खरवडून काढली तरी ती पुन्हा उद्भवण्याचा संभव मोठा, म्हणून तीन महिन्यांनी पहिली फेरतपासणी व पुढे वर्षानुवर्षे हजेरी. संग्रामपूर वा जळगाव जामोदच्या शेतकऱ्याने ऐन पेरणीत नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचे टाटा रुग्णालय गाठावे ते कसे? दोन दुर्बिणींच्या मधल्या काळात बाटली मात्र माणसाऐवजी प्रवास करू शकते, आणि या परीक्षेचे मोल मला येथे सर्वांत अधिक वाटते. पण त्यासाठी आपल्या अंगवळणी पडलेला नियम उलटवावा लागतो. रात्रभर मूत्राशयात राहिलेल्या पेशी कुजून ओळखू येईनाशा होतात, म्हणून सकाळची पहिली लघवी टाकून दुसरी घ्यावी. वाट लांबची असेल तर तालुक्याच्या दवाखान्यातच तीत सौम्य अल्कोहोल समभाग मिसळावे, आणि नावासोबत लघवी धरल्याची वेळही बाटलीवर स्पष्ट अक्षरांत नोंदवावी.