अनुदान मिळतं, पण कर्जाच्या पाठोपाठ

‘सरकार धंद्याला पस्तीस टक्के देतंय’ हे वाक्य विट्यापासून वाईपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. या अर्धवट माहितीपायी होतकरू पोरापोरींचे प्रकल्प कागदावरच राहतात, याचं वाईट वाटतं.

सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे सरकार पैसे थेट हातात देतं. २००८ पासून चालू असलेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात कर्ज बँकेचं असतं. मिरज तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात एका बाईंना हळद पावडरचा २० लाखांचा उद्योग काढायचा आहे, असं धरा. ५ टक्के, म्हणजे १ लाख त्यांनी स्वतः घालायचे. १९ लाख बँक देणार. महिला आणि ग्रामीण भाग म्हणून अनुदान ३५ टक्के, म्हणजे ७ लाख. पण ते त्यांच्या खात्यात खेळत नाहीत. बँकेत तीन वर्षं मुदत ठेवीत राहतात. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, म्हणजे व्याज १२ लाखांवरच. तीन वर्षांनी पडताळणी होते, आणि कारखाना चालू दिसला तरच ते ७ लाख कर्जात वळते होतात. खुल्या गटातल्या पुरुषाला खेड्यात २५ टक्के, शहरात १५. प्रकल्पाच्या खर्चात जागेची किंमत धरत नाहीत आणि चालू धंदा नव्या नावाने दाखवून भागत नाही.

मुद्रा योजनेत तर अनुदानच नाही. ते विनातारण कर्ज आहे, ते पूर्ण फेडायचं असतं. विनातारण म्हणजे माफीचं, असं मानणाऱ्यांचा सिबिल पतगुणांक बिघडतो आणि पुढची दारं बंद होतात.

पाटण तालुक्यातले माथाडी नेते अण्णासाहेब पाटील यांच्या नावाचं महामंडळ व्याज परतावा देतं. इथे गडबड क्रमाची होते. आधी महामंडळाचं पात्रता प्रमाणपत्र, मग बँकेचं कर्ज. हप्ता स्वतः वेळेवर भरायचा, व्याज नंतर खात्यात येतं. हप्ता थकला की परतावाही अडकतो.

युरोपात सरकार उद्योजकाला सढळ हाताने देतं, असंही आपल्याकडे बोललं जातं. तिथला युरोपियन इन्व्हेस्टमेंट फंडसुद्धा छोट्या उद्योगाला थेट कर्ज देत नाही. तो बँकांना हमी देतो आणि कर्ज बँकच देते.

‘शिक्षण नाही, म्हणून कर्ज नाही’ हेही सरसकट खरं नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात आठवी पासची अट उत्पादनात १० लाखांवरच्या आणि सेवा क्षेत्रात ५ लाखांवरच्या प्रकल्पालाच आहे. आणि शिक्षणाअभावी मिळालेला नकारही कायमचा नसतो. म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचा परवान्यासाठीचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या, तोंडी हिशेब करून दाखवायला तयार झाल्या आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली.

राहिला एजंट. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्ज ऑनलाइन आणि मोफत भरता येतो. साताऱ्यात आणि सांगलीत जिल्हा उद्योग केंद्र त्यासाठी आहे. ‘मंजूर करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात मंजुरी नसते, ती शाखेत होते. शाखा व्यवस्थापक विचारतात ते मशिनचं कोटेशन, वीजजोडणी आणि माल कोण घेणार. अनुदान बाजूला ठेवूनही हप्ता निघतो का, हा हिशेब त्यांच्यासमोर बसण्याआधी घरीच मांडून ठेवावा.