चक्कर येते, पण डोळे कोण तपासतो?

घरातील दादी किंवा नानी कूस बदलते आणि खोली गरगर फिरू लागते. रुकूत वाकताना, सजद्यातून डोके वर उचलताना तोल जातो, म्हणून ती खुर्चीवर बसून नमाज अदा करू लागते. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे. कुणी बीपीला दोष देतो, तर कुणी मानेच्या मणक्यांना. डॉक्टर चक्करची गोळी लिहून देतात आणि ती महिनोन्‌महिने चालू राहते. असे चित्र आपल्या अनेक घरांत दिसते.

डोके हलवताच काही सेकंद येणाऱ्या अशा चक्करचे मूळ बहुधा कानाच्या आत असते. तेथे तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. शेजारच्या कप्प्यातील चुन्याचे बारीक कण निसटून एखाद्या नलिकेत शिरले की मेंदूला चुकीचा संदेश जातो. हा त्रास मुख्यतः उतारवयात होतो. त्यातून जिवाला थेट धोका नसतो. पण तोल जाऊन पडले आणि खुब्याचे हाड मोडले, तर म्हातारे माणूस अंथरुणाला खिळते.

निदान जुने, उपचारही जुना

या आजाराची तपासणी मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्येच मांडली. रुग्णाची मान ४५ अंश वळवून त्याला झटकन आडवे करायचे आणि डोळ्यांची थरथर पाहायची, एवढेच! उपचार शोधला अमेरिकेतील पोर्टलंडचे डॉ. जॉन एपली यांनी. डोके ठरावीक क्रमाने फिरवून कण मूळ कप्प्यात परत पाठवायचे. सुरुवातीला बऱ्याच डॉक्टरांचा यावर विश्वास बसला नाही. १९९२ मध्ये एपली यांनी या पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज ती जगभर मान्य आहे, आणि अनेक रुग्णांना एक-दोन बैठकींत आराम पडतो.

अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितले आहे की, या आजारात चक्करच्या गोळ्या सरसकट देऊ नयेत. सिनारिझिनसारख्या काही गोळ्या वृद्धांनी दीर्घकाळ घेतल्यास हात कापणे, हालचाल मंदावणे असे त्रास होऊ शकतात.

मग अडते कुठे?

अडते ते शिक्षणात. ही विद्या पुस्तक वाचून किंवा व्याख्यान ऐकून येत नाही. डोळे कोणत्या दिशेने थरथरतात, यावरून कोणता कान व कोणती नलिका हे ओळखावे लागते. त्यासाठी नजर तयार व्हावी लागते आणि हात बसावा लागतो.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. अचानक सुरू झालेली, तासन्‌तास न थांबणारी चक्कर कधी कधी मेंदूच्या झटक्याची खूण असते. डोळ्यांच्या तीन हालचाली पाहून हा फरक ओळखण्याची पद्धत २००९ पासून विशेष चर्चेत आहे. मात्र ती शिकलेल्याच्या हातीच भरवशाची ठरते. न शिकलेल्याच्या हाती दिशाभूल करते.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नियमानुसार नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना ५ वर्षांत ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतात. हे गुण केवळ सभागृहात बसून मिळवण्याऐवजी थोडे तरी प्रत्यक्ष सरावातून मिळवले, तर गल्लीतल्या दवाखान्यातही ही तपासणी होऊ शकेल. तिला महागडे यंत्र नव्हे, एक खाट पुरते. तोल सावरण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टनाही हे प्रशिक्षण तितकेच गरजेचे आहे.

घरच्यांनी काय करावे?

• चक्कर किती वेळ टिकते आणि कोणत्या हालचालीने येते, हे लिहून ठेवा.

• डॉक्टरांना अदबीने पण स्पष्ट विचारा, "आडवे करून, मान वळवून डोळे तपासाल का?" मानेचा जुना त्रास असल्यास तो आधीच सांगा.

• निदान होण्यापूर्वी मोबाइलवरील व्हिडिओ पाहून डोके फिरवू नका. कान चुकला तर उपयोग होत नाही.

• चक्करबरोबर बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे, तोंड वाकडे होणे, हातापायातील बळ जाणे किंवा आधाराशिवाय चालता न येणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच क्षणी मोठे रुग्णालय गाठा.

आजारी माणसाला बसून नमाज अदा करण्याची सवलत आहेच. पण जो त्रास काही मिनिटांच्या उपचाराने जाऊ शकतो, त्यापायी दादीने वर्षानुवर्षे सजद्याला मुकावे, हे बरे नव्हे.