पूर्ण शिष्यवृत्ती की मोठं नाव?

एकीकडे पूर्ण शिष्यवृत्ती, दुसरीकडे नामांकित विद्यापीठ आणि डोळे पांढरे करणारी फी. अमेरिकेत बारावीच्या अनेक मुलांपुढे हा पेच दरवर्षी उभा राहतो. नामांकित ठिकाणी शिकलेले जास्त कमावतात हे खरंच. पण ती किमया विद्यापीठाची की मुळातच हुशार असलेल्या मुलांची?

स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी या दोन्ही गोष्टी वेगळ्या करायची फार सुंदर युक्ती काढली. १९७६ साली कॉलेजात गेलेल्यांपैकी ज्यांना सारख्याच तोडीच्या कॉलेजांनी होकार-नकार कळवले होते, त्यांचीच त्यांनी आपसांत तुलना केली. काहींनी मोठं नाव निवडलं, काहींनी होकार हातात असूनही साधं कॉलेज. २००२ साली निष्कर्ष छापून आला : पुढच्या कमाईत सरासरी फरक जवळजवळ नाहीच! गरीब घरच्या मुलांना मात्र मोठ्या नावाचा फायदा झाला. घरून न मिळणाऱ्या ओळखीपाळखी त्यांना तिथे मिळत असाव्यात.

अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या २०२३च्या अभ्यासातही मोठ्या नावामुळे सरासरी कमाई फारशी हलली नाही. सर्वाधिक कमावणाऱ्या १ टक्क्यात पोचण्याची शक्यता मात्र सुमारे दीडपट झाली. एवढ्यासाठी डोक्यावर कर्ज घ्यावं, असं मला वाटत नाही. शिष्यवृत्ती घ्यायची तर ती टिकवायला किती गुण लागतात, तेवढं आधी नीट वाचून घ्यावं.