हशाचा रोख: अमेरिकी विनोदी मालिकांतील समलिंगी पात्रे

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकेला वीस-बावीस मिनिटांत हशा पिकवायचा असतो आणि त्यामुळे ती प्रेक्षकाच्या मनात आधीच तयार असलेल्या ठोकळेबाज प्रतिमांचा, म्हणजे एखाद्या समूहातील सर्वांना एकाच साच्यात बसवणाऱ्या समजुतींचा, सहज आधार घेते. पुरुषांविषयीच प्रेम व आकर्षण वाटणारा समलिंगी पुरुष अमेरिकी पडद्यावर दीर्घकाळ अशाच साच्यातून, बायकी हावभावांचा आणि म्हणून हास्यास्पद, असा येत राहिला.

नॉर्मन लिअर यांच्या 'ऑल इन द फॅमिली' या मालिकेने फेब्रुवारी १९७१ मध्ये हा साचा उलटा केला. तिच्यातील आर्ची बंकर हा पूर्वग्रहांनी भरलेला गृहस्थ जावयाच्या नाजूक मित्राला समलिंगी ठरवून त्याची टिंगल करतो. प्रत्यक्षात तो मित्र समलिंगी नसतोच, आणि आर्ची ज्याला मर्दपणाचा नमुना मानतो तो त्याचा दणकट, माजी फुटबॉलपटू स्नेही मात्र समलिंगी निघतो. प्रेक्षक हसतात ते आर्चीच्या अज्ञानाला. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता विकारांच्या यादीतून वगळली ती डिसेंबर १९७३ मध्ये, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या भागाचे धाडस कळते.

१९९८ साली सुरू झालेल्या 'विल अँड ग्रेस'मध्ये संयत वकील विल आणि भडक, नाटकी जॅक अशी दोन समलिंगी पात्रे शेजारी-शेजारी उभी राहिली. जॅकच्या रूपाने जुनाच साचा परत आला, असा आक्षेप घेतला गेला व तो अगदी निराधार नाही. तथापि त्यात बायकीपणा हाच दोष असल्याचे गृहीत धरलेले असते, आणि केवळ 'मर्दानी' समलिंगी पुरुषच आदरास पात्र ठरू लागला तर तो दुसरा साचाच होय. एडवर्ड शियाप्पा व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही मालिका अधिक पाहणाऱ्यांमध्ये पूर्वग्रह कमी आढळला, आणि ज्यांच्या ओळखीत समलिंगी माणसे फारशी नव्हती त्यांच्यात हा संबंध अधिक ठळक होता. अशा सहसंबंधावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. परंतु पडद्यावरील पात्राशी जडलेली ओळख प्रत्यक्ष सहवासाची उणीव काही अंशी भरून काढते, या त्यांच्या सिद्धान्ताला त्यामुळे बळ मिळाले.

'ब्रुकलिन नाइन-नाइन' (२०१३–२०२१) या मालिकेतील कॅप्टन रेमंड होल्ट हे या वाटेवरील सर्वांत परिपक्व पात्र म्हणावे लागेल. आंद्रे ब्राउअर यांनी साकारलेला हा पोलीस अधिकारी निर्विकार चेहऱ्याचा, नियमांना आणि व्याकरणाला चिकटून राहणारा आहे. हशा पिकतो तो या ताठरपणावर, आणि प्राध्यापक असलेला त्याचा पती केविन तितकाच रुक्ष निघाल्याने तो दुणावतो. मात्र समलिंगी असल्याचे उघड केल्यावर त्याला स्वतःचे ठाणे मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले, ही हकिकत मालिका पहिल्याच भागात गंभीरपणे सांगते.